काळ बदलला, मग धर्मही बदलला का?

॥ श्री गजानन प्रसन्न ॥



गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत घटस्फोटावर लेख कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. मंगल प्रसंगी अमंगळ बोलू नये, असा आपल्यावर संस्कार आहे. परंतु ज्याच्यापुढे आपण हात जोडून उभे आहोत, तो विघ्नहर्ता आहे. विघ्नाचे नावच घ्यायचे नाही, तर ते दूर कर म्हणून त्याला विनवायचे तरी कसे? अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांतून हे विघ्न आता परके राहिलेले नाही. कुणाच्या मुलीच्या घरी, कुणाच्या भाच्याच्या घरी, कधी आपल्याच घरी ते येऊन गेलेले आहे. आपण त्याविषयी फोनवर हळू आवाजात बोलतो आणि देवळात गप्प बसतो.

अशा वेळी घरात दोन आवाज ऐकू येतात. आजी म्हणते, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. पटो न पटो, आम्ही निभावून नेलं." इथेच वाढलेली नात म्हणते, "आजी, तुझ्या काळी ते बरोबर होतं, आता हे बरोबर आहे. प्रत्येकाचं बरोबर वेगळं असतं." वाद तिथेच मिटतो. आजी सुस्कारा सोडते, नात आपल्या खोलीत जाते. नातीच्या या विचाराला नीतिशास्त्रात नैतिक सापेक्षतावाद म्हणतात. चांगले आणि वाईट काळावर व समाजावर अवलंबून असते, सर्वांना लागू पडेल असे माप नसतेच, असा त्याचा अर्थ. ऐकायला हे मोठे समंजस वाटते. पण आजीचे म्हणणे खरे आहे का, आणि नातीचे तरी खरे आहे का, हे आज आपण थोडे तपासून पाहू.

प्रथम आजी. आपल्यात घटस्फोट कधी नव्हताच, हे शास्त्राला धरून आहे का? मनुस्मृतीत पती-पत्नींनी मरेपर्यंत परस्परांशी एकनिष्ठ राहणे हा श्रेष्ठ धर्म सांगितला आहे, आणि विकल्याने किंवा टाकून दिल्याने पत्नी पतीपासून सुटत नाही, असेही म्हटले आहे. परंतु कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विवाहातून सुटण्याला 'मोक्ष' असा शब्दच आहे. धर्म्य मानलेल्या पहिल्या चार विवाहप्रकारांत तो मोक्ष नाही. इतर प्रकारांत दोघांनाही एकमेकांचा द्वेष वाटू लागला असेल तर तो मिळतो, आणि एकालाच नकोसे झाले असेल तर दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध मिळत नाही. नारदस्मृतीत आणि पराशरस्मृतीत पाच आपत्ती सांगितल्या आहेत. पती बेपत्ता झाला, वारला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, तर स्त्रीने दुसरा पती करावा, असे तिथे वचन आहे. याच वचनाचा आधार घेऊन ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहाची बाजू मांडली आणि १८५६ साली त्याचा कायदा झाला.

यातली एक गंमत पाहा. पराशरस्मृती स्वतःला कलियुगासाठी सांगितलेली स्मृती म्हणवते. तरीही तिच्यावर १४व्या शतकात भाष्य लिहिणाऱ्या माधवाचार्यांना हे वचन जड गेले, आणि ते दुसऱ्या युगासाठी आहे, असा त्यांनी खुलासा केला. म्हणजे वचन तेच राहिले, समाजाची रीत बदलली आणि अर्थ रीतीच्या मागे गेला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झाला. त्याची पाने चाळली, की असे किती बदल आपल्या परंपरेने पचवले ते पानोपानी दिसते.

हे झाले ग्रंथांचे. महाराष्ट्रातल्या गावांकडे पाहिले तर चित्र आणखी वेगळे आहे. आपल्याकडच्या अनेक जातींत काडीमोड होता. पंचांसमोर काडी मोडली, की नाते सुटले. पुढे त्या स्त्रीचा पाट लागे, काही ठिकाणी त्याला मोहतूर म्हणत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढीने चालत आलेला असा घटस्फोट कायम ठेवला आहे. तेव्हा "आपल्यात नव्हते" यातले 'आपण' म्हणजे नेमके कोण, हेही तपासायला हवे. लग्न मोडता येत नाही ही प्रामुख्याने वरच्या मानल्या गेलेल्या काही जातींची रीत होती. पुढे तीच सगळ्या हिंदूंची रीत म्हणून सांगितली जाऊ लागली.

कायद्याची वाटही आजी समजते तेवढी नवी नाही. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या बडोदा संस्थानात १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांतात तो १९४७ साली आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चालवलेले हिंदू कोड बिल अडवले गेले आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. पण त्यातलाच विवाहाचा भाग १९५५ साली कायदा झाला, आणि १९७६ साली परस्परसंमतीने घटस्फोटाचे कलम त्यात आले. आजींपैकी अनेकींच्या तरुणपणी कायद्याचे दार उघडे होते. माहेरचे दार मात्र बंद होते आणि हातात स्वतःची कमाई नव्हती. प्रेमाने निभावलेला संसार आणि जायला जागा नाही म्हणून निभावलेला संसार बाहेरून अगदी सारखे दिसतात. त्यांतला फरक फक्त त्या बाईला ठाऊक असतो. ज्यांनी प्रेमाने निभावले त्यांना दंडवत. पण ज्या निरुपायाने राहिल्या, त्यांच्या मौनाला आपण संस्कृती म्हणू नये.

आता कुणी म्हणेल, मग नातच जिंकली. शास्त्रे बदलली, रीती बदलल्या, कायदे बदलले. म्हणजे ज्या त्या काळाचे ते ते बरोबर.

थांबा. रीत बदलते हे आपल्या पूर्वजांना आपल्याइतकेच ठाऊक होते. महाभारताच्या आदिपर्वात पांडू कुंतीला श्वेतकेतूची कथा सांगतो. पूर्वी स्त्री-पुरुषांना विवाहाची मर्यादा नव्हती, ती उद्दालकाच्या या पुत्राने घालून दिली, अशी ती कथा आहे. विवाहाची मर्यादा माणसाने घातली, हे जो ग्रंथ मोकळेपणाने सांगतो, तो रीतीला अनादि मानत नाही. युगायुगांचे धर्म वेगळे असतात, हे स्मृतीही सांगतात. पण हेच ग्रंथ धर्माचे दोन थर सांगतात. एक विशेष धर्म. तो वर्ण, आश्रम, देश, काळ यांप्रमाणे बदलतो. दुसरा सामान्य धर्म. अहिंसा, सत्य, चोरी न करणे, शुचिता, इंद्रियांवर ताबा. हा सर्वांना सारखाच लागू. घराची खोली कशी मांडायची हे प्रत्येक पिढी ठरवते, पण पाया किती खोल हवा हे जमीन ठरवते. नात खोलीकडे बोट दाखवून म्हणते आहे, की पाया नावाची गोष्टच नाही.

एक उदाहरण देतो. ते आपल्या मराठी माणसांचेच आहे. १८६४ साली मुंबईत जन्मलेल्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या माहेरीच राहिल्या, शिकल्या. पुढे दादाजींनी पत्नीचा ताबा मिळावा म्हणून १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. ज्या लग्नाला माझी संमती विचारलीच गेली नाही, ते मी मानत नाही, अशी रखमाबाईंची बाजू होती. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. अपिलात तो फिरला, आणि १८८७ साली हुकूम झाला, की नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या, आणि परत येऊन सुरत व राजकोट इथे त्यांनी वर्षानुवर्षे स्त्रियांची सेवा केली. १९५५ साली, म्हणजे ज्या वर्षी हिंदू विवाह कायदा झाला त्याच वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्या काळच्या पुष्कळ विद्वान आणि देशभक्त मंडळींना रखमाबाईंचे वागणे अधर्म वाटले. 'केसरी'नेही त्यांच्यावर टीका केली. आता नातीला विचारू या. १८८७ साली बहुसंख्य समाजाला जे बरोबर वाटत होते, ते त्या काळापुरते बरोबरच होते का? तसे असेल तर रखमाबाई चुकल्या असे म्हणावे लागेल. एवढेच नव्हे, तर प्रत्येक सुधारक आपापल्या काळात चुकलेलाच ठरेल, कारण तो नेहमी आपल्या काळाच्या रीतीविरुद्ध उभा असतो. अकरा वर्षांच्या मुलीला न विचारता बांधले ही गोष्ट आज अन्यायाची आहे आणि तेव्हाही अन्यायाचीच होती, असे म्हणायचे असेल, तर काळाच्या वर कुठलेतरी माप मानावेच लागते. नात रखमाबाईंच्या बाजूने उभी राहते ती त्याच मापाच्या बळावर. फक्त ते आपल्याजवळ आहे, हे तिच्या ध्यानात आलेले नाही.

सापेक्षतेचा आणखी एक धोका आहे. द्यूतसभेत द्रौपदीने सरळ प्रश्न विचारला, की स्वतःला हरलेल्या पतीला मला पणाला लावण्याचा अधिकार होता का? भीष्मांसारखा ज्ञानी पुरुष म्हणाला, की धर्म सूक्ष्म आहे, याचे नेमके उत्तर देणे मला जमत नाही. धर्म सूक्ष्म आहे हे खोटे नव्हतेच. पण त्या सूक्ष्मतेच्या आड सारी सभा लपली आणि एका स्त्रीच्या निऱ्यांना हात लागला. लहानगा विकर्ण मात्र उठून बोलला. "प्रत्येकाचं बरोबर वेगळं" हे वाक्य कित्येकदा आपल्या सभेतली तीच पळवाट असते. शेजारच्या घरात मुलीला मारहाण होते आहे हे कळूनही आपण म्हणतो, त्यांचा खासगी प्रश्न आहे. एखाद्याने बायकोला सुट्टीसाठी पुण्याला नेले, तिचा पासपोर्ट घेऊन एकटाच परत आला, तरी आपण म्हणतो, दोन्ही बाजू असतात. असतीलही. पण पासपोर्ट एकाच बाजूच्या खिशात आहे.

मग सामान्य धर्माचे माप घटस्फोटाला कसे लावायचे?

पहिले माप अहिंसेचे. लग्नात वर प्रतिज्ञा करतो, की धर्म, अर्थ आणि काम या तिन्हींत मी हिला डावलणार नाही. जिथे हात उगारला जातो, रोज अपमान होतो, पैशासाठी छळ होतो, तिथे ती प्रतिज्ञा मारणाऱ्यानेच मोडलेली असते. कोर्ट पुढे तिची केवळ नोंद करते. अशा घरातून बाहेर पडणारी स्त्री, आणि कधी पुरुषही, लग्न मोडत नाही, मोडलेल्या छपराखालून बाहेर येते. अशा व्यक्तीला "थोडं सहन कर" हा उपदेश करू नये. तो धर्म नाही.

दुसरे माप सत्याचे. हे दोन्ही बाजूंना कापते. मन दुसरीकडे गुंतले असताना "आमचं पटत नाही" एवढेच सांगणे असत्य आहे. कोर्टात वरचढ ठरावे म्हणून न घडलेल्या छळाचे आरोप करणे, हेही असत्यच. आणि लग्न म्हणजे मन लागेल तोवरचा करार, असे मनात ठेवून अग्नीभोवती फिरणे, हे तर आरंभापासूनच असत्य. दोन वर्षांत कंटाळा आला, करिअरच्या वाटा वेगळ्या झाल्या, म्हणून उठून जाणाऱ्याला धर्म विचारणारच, की बाबा रे, तू शब्द दिला होतास. तो पाळण्यासाठी तू काय काय केलेस? घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोललास? समुपदेशकाकडे गेलास? स्वतःची एखादी सवय बदललीस?

तिसरे माप अस्तेयाचे, म्हणजे चोरी न करण्याचे. लग्नात मुलीला मिळालेले दागिने हे तिचे स्त्रीधन, असे धर्मशास्त्र सांगते, आणि १९८५ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. सासूबाईंच्या लॉकरमध्ये ते 'सुरक्षित' राहिले तर ती चोरीच. बँकेतले पैसे घाईने भावाच्या नावावर करणे ही चोरी. नवरा नोकरीवर असताना त्याला न सांगता मुलांना घेऊन देश सोडणे, हीही मुलांच्या बापाची चोरी. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, पण त्यासाठीही इथे पोलीस आणि कोर्ट आहे.

चौथे माप अक्रोधाचे, आणि ते मुख्यत्वे मुलांसाठी. पती-पत्नींचे नाते सुटते, आई-बापाचे सुटत नाही. मुलाच्या तोंडी निरोप पाठवणे, त्याच्यासमोर दुसऱ्याला नावे ठेवणे, भेटीच्या शनिवारी मुद्दाम उशीर करणे, यांची शिक्षा प्रत्येक वेळी कोर्टात होतेच असे नाही. ती मूल भोगते.

कायद्याचे माप निराळे आहे, हे आपण इथे राहणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९७० पासून कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू लागला, आणि सर्वांत शेवटी २०१० साली न्यूयॉर्कनेही ती मुभा दिली. चिखलफेक थांबावी, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण न्यायाधीशाने दोष विचारणे सोडले, म्हणजे दोष उरलाच नाही असे होत नाही. तो प्रश्न आता ज्याने त्याने देवापुढे उभे राहून स्वतःला विचारायचा आहे. भारतात तर अशा एकतर्फी निकालाला थारा मिळेलच असे नाही. लग्न हिंदू कायद्याने झालेले असेल आणि पत्नीने परदेशातल्या कोर्टाचा अधिकार मान्य केलेला नसेल, तर तिथला निकाल सहसा भारतात बंधनकारक होत नाही, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली घालून दिले. कित्येक मुली या दोन देशांच्या मध्ये अडकून पडल्या आहेत. इथे सुटलेल्या, तिथे बांधलेल्या. अशी मुलगी आपल्या ओळखीत असेल, तर तिला चांगला वकील शोधून देणे हे एका सत्यनारायणाइतके पुण्याचे काम आहे.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आपल्या सर्वांसाठी.

'घटस्फोट' हा शब्द मुळात लग्नाचा नाही. धर्मशास्त्रात तो बहिष्काराचा विधी होता. महापातक करून प्रायश्चित्त नाकारणाऱ्या माणसासाठी त्याचे आप्त गावाबाहेर जमत. दासी पाण्याने भरलेला घडा पायाने लवंडून देई, आणि तेव्हापासून तो माणूस त्यांच्या लेखी मेला. त्याच्याशी बोलणे नाही, बसणे नाही. पुढे हाच शब्द मराठीने विवाहविच्छेदासाठी घेतला. शब्दाबरोबर ती बहिष्काराची वृत्तीही आली की काय, अशी शंका यावी असे आपले वागणे आहे. काल जोडीने येणारी बाई आज एकटी आली, की तिला हळदीकुंकवाचा फोन जात नाही. "तिलाच वाईट वाटेल" म्हणून आपण तिला टाळतो. मंगळागौरीच्या यादीतून तिचे नाव आपोआप गळते. मुलीच्या लग्नात कन्यादानाला आईने एकटीने बसायचे म्हटले, तर काका-काकूंची शोधाशोध सुरू होते. एकटा राहिलेला पुरुष तर पॉटलकला यायचेच सोडून देतो, आणि ते महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.

पण त्या बहिष्काराच्या विधीचा उत्तरार्ध आपण विसरलो आहोत. मनुस्मृती पुढे सांगते, की तो पतित प्रायश्चित्त घेऊन आला, तर आप्तांनी त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करावे आणि पाण्याने भरलेला नवा घट त्या पाण्यात सोडावा. मग तो पुन्हा त्यांचाच. महापातक्यासाठीही शास्त्राने परतीची वाट ठेवली होती. मग जिने पातक केलेलेच नाही, जिचा संसार मोडला एवढाच जिचा दोष, तिला प्रायश्चित्त कसले? आणि ज्याची खरोखर चूक झाली, तो चूक मानून, मुलांची जबाबदारी नीट उचलून देवळात आला, तर त्याच्याही पानात प्रसाद पडलाच पाहिजे.

म्हणून एक विनंती. थोड्याच दिवसांत नवरात्र येईल आणि घरोघरी घटस्थापना होईल. त्या वेळी आपापल्या ओळखीतले एक घर आठवा, जिथला घट फुटलेला आहे. हळदीकुंकवाचा पहिला फोन तिथे करा. कीव दाखवू नका, चौकशा करू नका. "उद्या संध्याकाळी ये, आरतीला तबक तूच धर," एवढेच म्हणा. तिच्या मुलांना बालविहारला आणण्या-नेण्याची पाळी घ्या. मंदिराच्या पूजेला दोघांचे आसन असते. तिथे एकट्या आईला किंवा एकट्या बापाला मुलासह सन्मानाने बसवा. गणरायाने आजवर कुणाला विवाहाचा दाखला विचारलेला नाही.

आणि आजीने नातीला जवळ घेऊन सांगावे, "बाळ, रीत बदलली हे तुझं खरं. पण खरं बोलणं, कुणाला न दुखवणं आणि दुसऱ्याचं ते न घेणं, हे माझ्या वेळीही असंच होतं आणि तुझ्या वेळीही असंच राहणार आहे. लग्न कर तेव्हाही हे धरून ठेव. आणि देव न करो, पण सोडायची वेळ आलीच, तर तेव्हाही हे सोडू नकोस."

बुद्धिदात्या गजाननाने आपल्या सर्वांना रीत आणि धर्म यांतला भेद ओळखण्याचा विवेक द्यावा, जुळलेले संसार सुखाचे करावेत, आणि ज्यांचे मोडले त्यांना पुन्हा उभे राहण्याचे बळ व आपल्याला त्यांच्यासाठी दार उघडण्याची सद्‌बुद्धी द्यावी, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥